लाइट आली, वाय-फाय जोडलेलं, तरी नेट बंद? राउटरची एक 'घोषणा' बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरच्या घरांत का महत्त्वाची आहे

पावसाळ्यात तारेवर फांदी पडते, ट्रान्सफॉर्मर उडतो आणि बदलापूर किंवा अंबरनाथच्या एखाद्या भागाची लाइट जाते. उल्हासनगरलाही हे नवीन नाही. अर्ध्या-पाऊण तासाने लाइट येते. मोबाइलवर वाय-फायची खूण पूर्ण दिसते, पण नेट नीट चालत नाही. काही ॲप लगेच उघडतात, काही नुसती फिरत बसतात. नेटवाल्याला फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, "राउटर एकदा बंद करून चालू करा." आणि बऱ्याचदा त्याने काम होतंही.

असं होण्यामागे कारणं अनेक असतात. फायबर तुटलेली असते, गच्चीवरच्या ऑपरेटरच्या बॉक्सला अजून लाइट मिळालेली नसते किंवा मुख्य सर्व्हरशी पुन्हा जोडणी झालेली नसते. पण गेल्या काही वर्षांत यात आणखी एक कारण आलंय, ज्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नाही. घरातला राउटर ठरावीक वेळाने एक छोटी घोषणा करतो. ती घोषणा जुनी, चुकीची किंवा खोटी असेल, तर फोनला वाय-फाय दिसतं, पण नेटचा रस्ता सापडत नाही.

या घोषणेला 'राउटर ॲडव्हर्टाइझमेंट' म्हणतात. इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही-६चा, घराच्या आतला सगळा कारभार या घोषणेवर चालतो.

नव्या पत्त्यांची गरजच का पडली?

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता लागतो. १९८१ मध्ये ठरलेल्या आयपीव्ही-४ या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्त्यांची सोय आहे. तेव्हा हा आकडा प्रचंड वाटला होता. आज जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे आहे आणि एकेका घरात फोन, टीव्ही, लॅपटॉप, सीसीटीव्ही असं सगळं जोडलेलं असतं.

३ फेब्रुवारी २०११ रोजी या पत्त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून संपले. आशिया-पॅसिफिक विभागाचं काम बघणारी एपीनिक ही संस्था त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या अखेरच्या गटावर आली. त्यानंतर धंद्यात उतरलेल्या इंटरनेट कंपनीला जुने पत्ते मोजकेच मिळतात. जास्त हवे असतील तर दुसऱ्याकडून विकत किंवा भाड्याने घ्यावे लागतात.

छोट्या शहरांतल्या ऑपरेटरने यावर एक तोडगा काढला. शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवायचं. याला 'कॅरियर ग्रेड नॅट' म्हणतात. मोठ्या सोसायटीचं सगळं टपाल एकाच गेटवर यावं आणि वॉचमनने ते फ्लॅटवार वाटावं, तसा हा प्रकार आहे. तुम्ही काही मागवलं असेल तर वॉचमनला ते कुणाचं हे ठाऊक असतं. पण बाहेरून कुणी थेट तुमच्याकडे यायचं म्हटलं, तर वॉचमनला फ्लॅट नंबरच माहीत नसतो.

याचा त्रास दुकानदारांना लवकर जाणवतो. दुकानातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर घरून थेट बघायचा असेल, तर नॅटमागून ते जमत नाही. मग एकतर कॅमेरा कंपनीच्या क्लाउडवर अवलंबून राहायचं किंवा दर महिन्याला जादा पैसे देऊन 'स्टॅटिक आयपी' घ्यायचा. पोलिस तपासातही अडचण येते. एका पत्त्यामागे शेकडो घरं असल्यामुळे नुसत्या पत्त्यावरून माणूस सापडत नाही. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक यांची नोंदही लागते.

आयपीव्ही-६ने टंचाईचा प्रश्नच मिटवला. त्यातल्या पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्यं, इतकी आहे. पण एवढे पत्ते उपकरणांना वाटायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता.

उल्हासनगरच्या पत्त्यावरून समजून घ्या

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवण्यात आलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणी गेली, पण पत्त्यांत ती अजून शिल्लक आहे. आधी कॅम्प नंबर, मग सेक्शन, मग बॅरेक नंबर आणि शेवटी रूम नंबर. कॅम्प आणि बॅरेक कळलं की रिक्षावाला तिथपर्यंत नेऊन सोडतो. आतली खोली तिथल्यांनाच ठाऊक असते.

आयपीव्ही-६चा पत्ताही असाच दोन भागांत असतो. पहिला अर्धा भाग म्हणजे कॅम्प आणि बॅरेक. त्याला 'प्रीफिक्स' म्हणतात आणि तो इंटरनेट कंपनीकडून येतो. दुसरा अर्धा भाग म्हणजे रूम नंबर, आणि तो उपकरण स्वतःच ठरवतं.

जुन्या पद्धतीत घरातला राउटर वहीत नोंद ठेवून प्रत्येक फोनला पत्ता द्यायचा. या कामाला 'डीएचसीपी' म्हणतात. नव्या पद्धतीत अशा वहीची गरज उरत नाही. राउटर फक्त एवढंच सांगतो की, "या घराची बॅरेक अमुक आहे आणि बाहेर जायचा रस्ता माझ्याकडून जातो." फोन ते ऐकतो आणि स्वतःसाठी एक रूम नंबर निवडतो. घरात तोच नंबर आणखी कुणाकडे आहे का, हे विचारून घेतो आणि कामाला लागतो. एका बॅरेकीत खोल्याच इतक्या असतात (१८ वर १८ शून्यांहूनही जास्त) की दोघांचा नंबर एकच निघण्याची शक्यता नगण्य असते.

सुरुवातीला हा रूम नंबर उपकरणाच्या कायमच्या हार्डवेअर क्रमांकावरून बनायचा. त्यामुळे फोन घरी असो की ऑफिसात, त्याची ओळख मागे राहायची. आता फोन आणि लॅपटॉप यादृच्छिक आकडे वापरतात आणि ते वरचेवर बदलतातही.

घोषणेत नेमकं काय असतं?

फोन वाय-फायला जोडला की आधी तो स्वतःच हाक मारतो, "इथे कुणी राउटर आहे का?" राउटर त्याला लगेच उत्तर देतो. कुणी हाक मारली नाही तरी राउटर मधूनमधून घोषणा करतच राहतो. २००७ च्या मानकानुसार मूळ सेटिंगमध्ये हे अंतर सुमारे २०० ते ६०० सेकंदांचं असतं. स्टेशनवर गाडीची अनाउन्समेंट जशी पुन्हा पुन्हा होते, तसंच. उशिरा आलेल्यालाही ती ऐकू यावी, हा हेतू.

या घोषणेत मुख्यतः चार गोष्टी असतात. घराचा प्रीफिक्स, तो किती काळ चालेल याची मुदत, हा राउटर बाहेरचा रस्ता म्हणून किती वेळ धरायचा, आणि वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरची माहिती.

मुदतीही दोन असतात. पहिली पसंतीची, म्हणजे ती संपेपर्यंत नव्या कामासाठी हाच पत्ता वापरा. दुसरी वैधतेची, म्हणजे ती संपल्यावर हा पत्ता पूर्णपणे सोडा. मानकात मूळ आकडे अनुक्रमे ७ दिवस आणि ३० दिवस असे होते. लाइट गेल्यावरच्या गोंधळाची मुळं याच आकड्यांत आहेत.

ही घोषणा करणारं सॉफ्टवेअर तुमच्या घरातल्या डब्यातच असतं. लिनक्सवर त्यासाठी 'रॅडव्हीडी' हा प्रोग्रॅम गेली अनेक वर्षं वापरात आहे. राउटर कंपन्या तो किंवा त्याच्यासारखं दुसरं काही वापरतात. एखाद्या छोट्या ऑफिसात कुणी जुन्या कॉम्प्युटरचा राउटर बनवला असेल, तर त्यालाही हीच सेवा चालू करावी लागते. सेटिंगच्या जेमतेम चार-पाच ओळी असतात. कोणत्या तारेवर घोषणा करायची, कोणता प्रीफिक्स सांगायचा, किती मुदत द्यायची. चुकाही त्यातच होतात. घोषणा घराच्या आत करायची असते, ती बाहेरच्या तारेवर केली तर गोंधळ होतो. प्रीफिक्स बरोबर ६४ अंकांचा (म्हणजे ६४ बिटचा) नसेल, तर फोन त्यावरून पत्ताच बनवत नाहीत.

ॲण्ड्रॉइड फोनला हीच घोषणा का लागते?

कॉम्प्युटरला आयपीव्ही-६चा पत्ता डीएचसीपीच्या नव्या आवृत्तीतूनही मिळू शकतो. ॲण्ड्रॉइडने मात्र वर्षानुवर्षं त्या मार्गाने फोनला एकेकटा पत्ता घेणं टाळलंय. एका उपकरणाला एकच पत्ता दिला तर हॉटस्पॉटसारख्या सोयींना पुन्हा नॅटची गरज पडेल, अशी गूगलच्या अभियंत्यांची भूमिका राहिली आहे. त्यामुळे ज्या घरात किंवा ऑफिसात राउटरच्या घोषणेत प्रीफिक्स नीट सांगितलेला नाही, तिथे ॲण्ड्रॉइड फोनला नवा पत्ता मिळत नाही. भारतात बहुतेक फोन ॲण्ड्रॉइडचे आहेत. म्हणून ही घोषणा इथे जास्त महत्त्वाची ठरते.

मोबाइल डेटावर हे काम वर्षानुवर्षं सुरळीत चाललंय. जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली तेव्हा सुरुवातीपासूनच आयपीव्ही-६वर भर दिला. मोबाइल कंपनीची यंत्रणा प्रत्येक फोनला त्याचा स्वतंत्र प्रीफिक्स याच प्रकारच्या घोषणेतून सांगते. एपीनिकच्या मोजमापानुसार भारतातले ७० टक्क्यांहून जास्त इंटरनेट वापरकर्ते आयपीव्ही-६वरून जोडले जाऊ शकतात. त्यात मोठा वाटा मोबाइलचा आहे.

म्हणजे बदलापूर लोकलमध्ये बसलेल्या प्रवाशाच्या फोनला नवा पत्ता असतो. तोच प्रवासी घरी येऊन वाय-फायला जोडला गेला की पुढचं सगळं त्या घरातल्या डब्यावर आणि तो बसवणाऱ्यावर अवलंबून असतं.

लाइट गेली की नेमकं काय बिघडतं?

राउटर व्यवस्थित बंद केला, तर त्याची घोषणासेवा जाता जाता निरोप देऊ शकते, "आता बाहेरचा रस्ता माझ्याकडे नाही." लाइट अचानक गेली की निरोपाला वेळच मिळत नाही. लाइट आल्यावर राउटर कंपनीकडे नवा प्रीफिक्स मागतो. अनेक कंपन्या प्रत्येक वेळी वेगळा प्रीफिक्स देतात. म्हणजे घर तेच, पण बॅरेक नंबर बदललेला. आणि आधीचा कोणता होता, हे राउटर विसरलेला असतो.

राउटर बंद पडल्याने फोनचं वाय-फायच तुटलं असेल, तर फारसं बिघडत नाही. फोन पुन्हा जोडला जातो, नव्याने हाक मारतो आणि नवा पत्ता बनवतो. खरा घोळ होतो तो अर्धी यंत्रणा इन्व्हर्टरवर आणि अर्धी साध्या लाइटवर असते तिथे. समजा, ऑपरेटरने बसवलेला फायबरचा राउटर दाराजवळ साध्या प्लगवर आहे. आतल्या खोलीतला वाय-फायचा दुसरा डबा, स्विच किंवा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे. लाइट गेली की राउटर बंद पडतो, पण फोन आतल्या वाय-फायला जोडलेलाच राहतो. मधली जोडणी तुटली, हे त्याला कळतच नाही. लाइट आल्यावर राउटर नवा प्रीफिक्स सांगतो आणि फोन त्यावरून नवा पत्ता बनवतोही. पण जुना पत्ता त्याच्या लेखी अजून ७ दिवस पसंतीचा आणि ३० दिवस वैध असतो. तो जुन्या पत्त्यावरून काही मागवत राहिला, तर उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाही.

काही ॲप चालतात आणि काही अडकतात, त्याचंही एक कारण यातच आहे. नव्या पद्धतीने उत्तर आलं नाही तर क्षणभरात जुन्या आयपीव्ही-४वरून प्रयत्न करायचा, अशी सोय ब्राउझर आणि अनेक ॲपमध्ये असते. ज्या ॲपमध्ये ती नाही किंवा अर्धवट आहे, ते फिरत बसतं. राउटर बंद-चालू केल्यावर किंवा फोनचं वाय-फाय काढून पुन्हा लावल्यावर सगळं सुरळीत होतं, कारण फोन पहिल्यापासून हाक मारतो.

हा दोष जगभर दिसलेला आहे. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने मार्च २०२१ मध्ये यावर स्वतंत्र दस्तऐवज काढला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये घरगुती राउटरसाठी उपाय सांगितले. राउटरने जुना प्रीफिक्स लक्षात ठेवावा आणि तो बदलला असेल तर "जुना आता वापरू नका" अशी घोषणा करावी. शिवाय मुदती ७ आणि ३० दिवसांवरून कमाल ४५ आणि ९० मिनिटांवर आणाव्यात. म्हणजे बिघाड झालाच तरी तो दिवसेंदिवस राहणार नाही. सगळ्यांत सोपा उपाय मात्र इंटरनेट कंपनीच्या हातात आहे, तो म्हणजे ग्राहकाला शक्यतो तोच प्रीफिक्स पुन्हा देणं. नव्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही. त्यामुळे दर वेळी बॅरेक बदलायचं काही कारण उरत नाही.

खोटी घोषणा कुणी केली तर?

या घोषणेवर कुणाची सही-शिक्का नसतो. घरातल्या तारेवर किंवा वाय-फायवर जो कुणी "मी राउटर" म्हणेल, त्याच्यावर उपकरणं साधारणपणे विश्वास ठेवतात. मानक बनवणाऱ्यांना हा धोका माहीत होता. म्हणूनच नुसत्या घोषणेवरून पत्त्याची वैधता एकदम दोन तासांच्या खाली आणता येत नाही, असा नियम त्यांनी केला. पसंतीची मुदत मात्र लगेच शून्य करता येते.

बहुतेक वेळा खोटी घोषणा मुद्दाम केलेली नसते. इमारतीच्या गच्चीवर साधा स्विच असतो आणि एखादा ग्राहक आपल्या राउटरची वायर चुकून उलट्या पोर्टात लावतो. मग त्याचा राउटर घराच्या आत बोलण्याऐवजी साऱ्या इमारतीला घोषणा ऐकवू लागतो. वायरमन लोकांना जुन्या पद्धतीतला हा घोळ चांगलाच परिचयाचा आहे. नव्या पद्धतीतही तो तसाच होऊ शकतो. यावरचा उपाय २०११ मध्येच मानकात आला. स्विचने ग्राहकाच्या बाजूने येणारी घोषणा अडवायची. त्याला 'आरए-गार्ड' म्हणतात. पण त्यासाठी सेटिंग करता येणारा स्विच लागतो, आणि तो साध्या स्विचपेक्षा महाग असतो.

मुद्दाम केलेल्या हल्ल्यांची उदाहरणंही आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने 'द विझार्ड्स' नावाच्या टोळीची माहिती जाहीर केली. एकदा नेटवर्कमध्ये शिरकाव झाला की ही टोळी खोट्या राउटर घोषणा सोडायची. त्यामुळे आसपासचे कॉम्प्युटर हल्लेखोराच्या मशीनलाच बाहेरचा रस्ता समजायचे. मग नेहमीच्या सॉफ्टवेअरचं अपडेट मागवताना त्यांच्या हाती बनावट अपडेट यायचं. ईसेटच्या मते फिलिपिन्स, कंबोडिया, संयुक्त अरब अमिराती, चीन आणि हाँगकाँग इथली मंडळी या टोळीचं लक्ष्य होती.

त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधला एक गंभीर दोष दुरुस्त केला होता. 'बॅड नेबर', म्हणजे वाईट शेजारी, या नावाने तो ओळखला गेला. डीएनएसची माहिती देणारी, पण मुद्दाम वेडीवाकडी बनवलेली राउटर घोषणा पाठवली की समोरच्या कॉम्प्युटरचा ताबा घेता येण्याची शक्यता त्यात होती.

यातून एक गैरसमज दूर व्हायला हवा. "आमच्याकडे आयपीव्ही-६ नाहीच, मग धोका कसला?" हे बरोबर नाही. विंडोज आणि फोनमध्ये ते मुळातच चालू असतं. ऑपरेटरने दिलेलं नसलं, तरी उपकरणं घोषणेची वाट बघत असतात. खरी घोषणा करणारा कुणी नसेल, तर खोटी करणाऱ्याचं काम आणखी सोपं होतं.

सरकारचा नियम काय सांगतो?

दूरसंचार विभागाने आयपीव्ही-६चा पहिला राष्ट्रीय आराखडा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये काढला. मुदती पुढे सरकत गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये विभागाने त्या पुन्हा बदलल्या. त्यानुसार ३१ डिसेंबर २०२२ नंतर दिलेली प्रत्येक नवी घरगुती तारेची जोडणी आयपीव्ही-६ वाहून नेण्यास सक्षम असली पाहिजे. कंपनीने ग्राहकाकडे बसवलेले, पण नवी पद्धत न चालणारे मोडेम-राउटर टप्प्याटप्प्याने बदलण्याचा प्रयत्नही याच तारखेपर्यंत करायचा होता.

यातला कळीचा शब्द आहे 'सक्षम'. राउटरच्या खोक्यावर आयपीव्ही-६ छापलेलं असतं, म्हणजे तो सक्षम असतोच. पण बसवताना ते सेटिंग बंद ठेवलं, प्रीफिक्स दिलाच नाही किंवा घोषणेच्या मुदती जुन्याच राहिल्या, तरीही कागदावर जोडणी सक्षमच राहते. ग्राहकाला मिळतं ते मात्र पूर्वीसारखंच नॅटमागचं नेट. किंवा त्याहून वाईट, लाइट गेली की अडखळणारं नेट.

नेटवाल्याचंही एक गणित आहे

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांच्या वर, अंबरनाथची अडीच लाखांच्या वर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यानंतर इथे इमारतींची भर पडतच राहिली. अशा वाढत्या शहरांत शेवटच्या घरापर्यंत तार नेण्याचं काम अनेक ठिकाणी स्थानिक केबलवालेच करतात. ते मोठ्या कंपनीकडून सेवा घेतात आणि गल्लीत पोचवतात.

त्यांच्या बाजूने बघितलं तर नवी पद्धत चालू करणं म्हणजे आणखी काम. जुनी बंद करता येत नाही, म्हणून दोन्ही सांभाळायच्या. माणसांना नवं शिकवायचं, जुने स्विच बदलायचे. आणि ग्राहक यासाठी एक रुपयाही जास्त देत नाही, कारण त्याला फरक दिसत नाही. तक्रार आली की "राउटर बंद-चालू करा" हे सगळ्यांत स्वस्त उत्तर असतं.

पण दुसरी बाजूही आहे. जितकी रहदारी नव्या पद्धतीवर जाईल, तितका नॅटच्या महागड्या यंत्रावरचा भार कमी होतो, जुने पत्ते कमी लागतात आणि तपासासाठी ठेवायच्या नॅटच्या नोंदीही घटतात. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा आयपीव्ही-६वर आहेतच. संध्याकाळी घराघरांत जे बघितलं जातं, त्यातला मोठा भाग हाच आहे. 'स्टॅटिक आयपी'चं जादा भाडं बुडेल, अशी भीती काहींना वाटू शकते. पण ते भाडं टंचाईमुळे उभं राहिलंय, आणि नव्या पद्धतीत ही टंचाई नाही.

तुम्ही काय तपासू शकता?

१. फोनच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या वाय-फायचा तपशील उघडा आणि आयपी पत्ता बघा. फक्त 'एफई८०'ने सुरू होणारा लांब पत्ता दिसत असेल, तर तो घरातल्या घरात चालणारा आहे. म्हणजे प्रीफिक्स सांगणारी घोषणा फोनपर्यंत आलेली नाही. आकडा २ ने सुरू होणारा लांब पत्ता असेल, तर नवी पद्धत पोचली आहे. जिओच्या जोडणीवर तो बहुतेकदा २४०९ ने सुरू होतो.

२. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा, म्हणजे 'वॅन'चा, जुना पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही नॅटमागे आहात. डीव्हीआर बाहेरून न दिसण्याचं हे एक कारण असू शकतं.

३. लाइट आल्यावर नेट अडखळलं तर आधी फक्त फोनचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा. तेवढ्याने ठीक झालं, तर दोष फायबरचा नसून जुन्या पत्त्याचा असण्याची शक्यता वाढते. नेटवाल्याला तक्रार करताना हे सांगा.

४. इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस असेल, तर ऑपरेटरचा राउटर आणि आतला वाय-फायचा डबा दोन्ही त्यावरच ठेवा. एक त्यावर आणि एक बाहेर, असं नको.

५. आयपीव्ही-६ चालू असेल तर राउटरची फायरवॉलही चालू आहे का, ते बघा. नॅटमागे असताना बाहेरच्याला तुमचा डीव्हीआर आपोआप दिसत नव्हता. नव्या पद्धतीत तो दिसू शकतो. कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून कंपनीने दिलेलाच असेल, तर तो आजच बदला.

६. राउटर आणि विंडोजचं अपडेट टाळू नका. घोषणेशी संबंधित दोष तिथेच दुरुस्त होतात.

नेट अडखळतंय म्हणून आयपीव्ही-६ कायमचं बंद करा, असा सल्ला सोशल मीडियावर सर्रास दिला जातो. त्याने त्या वेळी काम होतं, पण घर पुन्हा नॅटमागे जातं आणि ऑपरेटरची चूक तशीच राहते. त्यापेक्षा नवी जोडणी घेताना किंवा वर्षाचं पॅकेज भरताना तीन प्रश्न विचारता येतात. आयपीव्ही-६ चालू करून देणार का? लाइट गेल्यावर प्रीफिक्स बदलतो का? इमारतीतल्या स्विचवर दुसऱ्या घराची घोषणा अडवण्याची सोय आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "आमचा राउटर सपोर्ट करतो" असं आलं, तर तिथेच थांबू नका. सरकारी नियमातल्या 'सक्षम' या शब्दाचा अर्थ तेवढाच होतो. वायरमन घरात असतानाच वरची पहिली तपासणी करून घ्या. फोनवर २ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यावर पावती फाडायला हरकत नाही.